शनीपाशी अडणारं आकाश

तारांगणात खेळ सांगणाऱ्या बाईंना शाळेतली मुलं ग्रहबाई म्हणायची. हळूहळू मोठी माणसंही तेच म्हणायला लागली आणि खरं नाव फक्त पगारपत्रकापुरतं उरलं. काम तसं मजेचं होतं. घुमटाखाली दीडशे खुर्च्या, मधोमध प्रोजेक्टर, मागच्या भिंतीला लागून ग्रहबाईंचं टेबल आणि टेबलाखाली गुडघ्याएवढा उंच काळा संगणक. दिवे मालवायचे, आकाश लावायचं आणि बोलायला सुरुवात करायची.

हे आकाश म्हणजे आधी बनवून ठेवलेली फिल्म नव्हती. संगणक ते तिथल्या तिथे, क्षणाक्षणाला काढायचा. त्यामुळे अंधारातून एखादं पोर ओरडलं, "बाई, गुरूला मागून बघता येतं का?" की ग्रहबाई माऊस वळवायच्या आणि दीडशे खुर्च्यांसकट अख्खी खोली गुरूच्या मागे जायची. बारा वर्षं झाली होती, पण त्या वळणावर अजूनही सगळ्यांत आधी त्याच टेबलाची कड घट्ट धरायच्या.

गेले तीन महिने मात्र या आकाशाला काहीतरी झालं होतं. सुरुवात झकास व्हायची. चंद्र, मंगळ, गुरू अगदी लोण्यासारखे सरकायचे. पण शनी जवळ आला, त्याच्या कड्यांतले लाखो दगडगोटे दिसायला लागले, की संगणकाची दमछाक सुरू. त्या प्रत्येक दगडाची जागा त्याला मोजावी लागायची ना! मग शनी अडखळायचा, थांबायचा, मागून कुणी ढकलल्यासारखा एकदम पुढे यायचा. मुलं खो खो हसायची आणि ग्रहबाई घाईघाईने नेपच्यूनवर पळायच्या.

संगणक दुरुस्त करणारा गृहस्थ चारदा येऊन गेला होता. त्याचं निदान ठरलेलं, "तापतोय." यंत्र उघडायचं, धूळ झटकायची, प्रोसेसर आणि त्याच्यावरच्या पंख्यामधली, उष्णता ओढून घेणारी जुनी पेस्ट पुसून नवी लावायची आणि "आता बघा कसा पळतो" म्हणून निघायचं. कुठलंही दुखणं असो, औषध एकच. ग्रहबाईंनी त्याचं नाव पेस्टवाला ठेवलं होतं. माणूस मनाने चांगला, हाताने स्वच्छ, पण पुढच्याच खेळात शनी पुन्हा तिथेच अडायचा.

गुरुवारी दुपारी निवृत्त मंडळींसाठी खेळ होता आणि त्यात ग्रहबाईंच्या सासूबाई आपल्या फिरायला जाण्याच्या गटाबरोबर आल्या होत्या. लग्नाला दहा वर्षं झाली, तरी त्या तारांगणात पहिल्यांदाच येत होत्या. सासूबाई वीज कंपनीच्या सबस्टेशनवर छत्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्या. त्यांचं काम रिले तपासायचं. रिले म्हणजे विजेच्या लाइनवरचा पहारेकरी. ठरल्यापेक्षा जास्त करंट जायला लागला की तो लाइन तोडतो. 'ठरल्यापेक्षा' म्हणजे नेमकं किती, हे हिशेब करून त्याला सांगायचं काम सासूबाईंचं. अशा बाईंना अंधारात बसून गोष्टी सांगायची नोकरी कितपत पटत असेल, याची शंका ग्रहबाईंना दहा वर्षं होती. विचारायचं धाडस मात्र कधी झालं नव्हतं.

आणि नेमका त्या दिवशी शनी असा काही अडला, की हलायचं नाव घेईना.

"शनीच तो," पुढच्या रांगेतून एक आजोबा म्हणाले, "सुखासुखी जाऊ देईल होय?"

सगळी मंडळी हसली. ग्रहबाईही हसल्या, पण कान गरम झाले होते.

खेळ संपल्यावर साहेबांनी बोलावलं. साहेब म्हणजे तारांगणाचे व्यवस्थापक, कुणालाही न दुखवता वाईट बातमी सांगण्यात वाकबगार. "परवा शनिवारी दोन शाळा आहेत," ते म्हणाले. "तेव्हा नीट झालं तर उत्तमच. पण नाहीच झालं, तर सोमवारपासून आपण तयार फिल्म लावू. आवाजासकट येते ती. तुम्हालाही घशाला आराम."

ग्रहबाईंनी मान हलवली. फिल्म एकदा लागली की लागली. तिला प्रश्न विचारता येत नाहीत, तिला वळवता येत नाही आणि तिच्याशेजारी बसून बोलायला कुणी लागतही नाही.

संध्याकाळी घरी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता सासूबाई सहज म्हणाल्या, "तुझं ते यंत्र तापत नाहीये हं."

"तुम्हाला काय माहीत, आई?"

"माझी खुर्ची त्याच्या शेजारीच होती. तापलेल्या यंत्राचा पंखा बोंबलतो. शनी अडला तेव्हा तुझा पंखा मंद झाला. ते दमलेलं नाही, हात आखडता घेतंय. कुणीतरी त्याला करंट पुरा घेऊ देत नाहीये. तीन महिन्यांपूर्वी आत काही बदललं होतं का?"

बदललं होतं. जुना मदरबोर्ड, म्हणजे आतले सगळे भाग जोडणारी मुख्य पाटी, गेला म्हणून पेस्टवाल्याने नवा बसवला होता. पण दिवसभर हसं झालेल्या माणसाला कुणी बरोबर बोललेलंही सहन होत नाही.

"आई, संगणक म्हणजे काही सबस्टेशन नव्हे," ग्रहबाई जरा तोडूनच बोलल्या.

"बरं," सासूबाई म्हणाल्या आणि उशीच्या अभ्र्याची घडी घातली.

शुक्रवारी तारांगणाला सुट्टी. ग्रहबाई सकाळीच किल्ली घेऊन गेल्या, दिवे लावले आणि संगणकाची नाडी दाखवणारा प्रोग्रॅम उघडला. आजवर त्यात त्यांनी फक्त तापमान पाहिलं होतं, कारण पेस्टवाला तेवढंच दाखवायचा. शनी लावला. तापमान एकसष्ट अंश, म्हणजे काहीच नाही. पण वेग बघता बघता निम्म्यावर आला आणि खाली एका ओळीसमोर पिवळा ठिपका पेटला. ओळीत लिहिलं होतं, करंटची मर्यादा गाठली, एकशे दहा अँपिअर.

ग्रहबाई त्या ठिपक्याकडे बघतच राहिल्या. सासूबाईंनी खुर्चीत बसून, नुसत्या कानाने, हे ओळखलं होतं.

सरळ फोन करायला हवा होता. पण काल ज्या तोंडाने सबस्टेशनचा टोमणा मारला, त्याच तोंडाने आज विचारायचं? त्यापेक्षा त्यांनी इंटरनेटवर शोधलं. तिथे कुणा बहाद्दराने लिहिलं होतं, 'मर्यादा ठेवताच कशाला? नऊशे नव्याण्णव टाका, मशीन रॉकेट होतं.' ग्रहबाईंनी संगणक बंद करून पुन्हा चालू केला, चालू होता होता बटण दाबून सेटिंगचा पडदा उघडला, एकशे दहा खोडलं आणि नऊशे नव्याण्णव टाकलं.

रॉकेट झालं खरं. शनी असा झोकात आला, की ग्रहबाईंनी एकटीनेच टाळी वाजवली. कडी फिरली, दगडगोटे झुळझुळ वाहिले. चाळीस सेकंद. मग टेबलाखालून 'टक्' असा आवाज आला आणि सगळं गेलं. शनी, कडी, पडदा, पंखा, सगळं. बटण दाबलं. पुन्हा दाबलं. पाच वेळा दाबलं. यंत्र गप्प.

कालपर्यंत अडखळणारं का होईना, एक आकाश होतं. आज तेही नव्हतं, आणि ते त्यांनी स्वतःच्या हाताने घालवलं होतं. आता टोमणा वगैरे काही आठवेना. त्यांनी घरी फोन लावला. तो नवऱ्याने उचलला.

"आईंना दे ना जरा."

"आई? ती तर तुझ्याचकडे निघाली. डबा, चष्मा आणि वही घेऊन. तू बोलावलंस ना?"

"नाही."

"मग ती तसं का म्हणाली?"

पंधरा मिनिटांत सासूबाई दारात हजर. आल्या आल्या त्यांनी सुनेचा चेहरा पाहिला, टेबलाखालचं काळं यंत्र पाहिलं आणि खुर्ची ओढून बसल्या.

"काय केलंस?"

"मर्यादा काढून टाकली."

"किती ठेवलीस?"

"नऊशे नव्याण्णव."

"नऊशे नव्याण्णव काय?"

"अँपिअर."

सासूबाईंनी चष्मा काढला आणि त्या हसायला लागल्या. गालातल्या गालात नव्हे, चांगल्या खांदे हलवून. दहा वर्षांत ग्रहबाईंनी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. "अगं, आपल्या अख्ख्या घराचा मेन स्विच चाळीसचा आहे! तू या डबड्याला हजार द्यायला निघालीस?"

"पण आई, इथे व्होल्टेज एक-सव्वाच असतं," रडवेल्या आवाजात का होईना, ग्रहबाईंनी आपली बाजू मांडली.

सासूबाई थांबल्या. ओठ हलले, तोंडी गुणाकार झाला. "सव्वा व्होल्ट, एकशे दहा अँपिअर... एकशे पस्तीस-चाळीस वॅट. हं. धार बारीक नाही, पाट रुंद आहे. पण उंची, म्हणजे व्होल्टेज, कमी. समजलं." त्यांचे डोळे चमकले होते. "आता सांग. जळका वास आला?"

"नाही."

"धूर?"

"नाही."

"आवाज?"

"नुसता टक्."

"मग रडतेस कशाला? तो टक् म्हणजे पहारेकरी. कुणा शहाण्याने पॉवर सप्लायमध्ये बसवून ठेवलाय. ट्रिप झालं म्हणजे मेलं नव्हे गं, वाचलं. वायर काढ भिंतीतून. दहा मिनिटं त्याला हात लावायचा नाही. तोवर आपण जेवून घेऊ."

ग्रहबाई दर मिनिटाला घड्याळ बघत होत्या. सासूबाई मात्र मजेत जेवत होत्या आणि जेवता जेवता त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी घरात कधी कुणाला सांगितली नव्हती.

"नोकरीचं पहिलंच वर्ष. तपासणीच्या गटात मी एकटी बाई. सगळे टपलेले, ही कधी चुकते म्हणून. मला एक लाइन दिली. मी काय केलं, भीतीपोटी मर्यादा चांगली खाली ठेवली. म्हटलं, काही जळायला नको आपल्या हातून. झालं! रोज संध्याकाळी सगळ्यांच्या घरी दिवे लागले, की सातच्या ठोक्याला त्या भागाची वीज गुल. आठ दिवस! लोक सबस्टेशनवर येऊन शिव्या देऊन जायचे. मी आपली तारा तपासतेय, खांब तपासतेय. शेवटी आमच्या मोठ्या साहेबांनी माझा कागद बघितला. म्हणाले, 'बाई, लाइन ठणठणीत आहे. तुम्ही घाबरलात तेवढ्या आकड्याला ती अडतेय.'"

"मग तुम्ही काय केलंत?"

"दुसऱ्या दिवशी आकडा दुप्पट ठेवायला निघाले. रागाने. तर त्यांनी हात धरला. म्हणाले, 'काल भीतीने ठेवलात, आज रागाने ठेवताय. हिशेबाने कधी ठेवणार?'" सासूबाईंनी डब्याचं झाकण लावलं. "झाली दहा मिनिटं. लाव वायर."

ग्रहबाईंनी वायर लावली, डोळे मिटले आणि बटण दाबलं. पंखा घुं करून फिरला. पडदा उजळला. त्यांना सासूबाईंना मिठीच मारावीशी वाटली. पण सासूबाई वही उघडून बसल्या होत्या आणि उघडलेल्या वहीसमोर ते शोभलं नसतं.

"आधी ते हजाराचं खूळ काढ. पुन्हा एकशे दहावर आण. आता कागद कुठे आहेत?"

"कसले कागद?"

"यंत्राबरोबर आलेले. यंत्र बोलत नाही, त्याचे कागद बोलतात."

कागद कपाटात, जुन्या तिकिटांच्या गठ्ठ्याखाली सापडले. पुस्तिका अजून प्लॅस्टिकमध्येच होती. दोघी शेजारी शेजारी बसून वाचायला लागल्या. इंग्रजी ग्रहबाई वाचायच्या, आकडे सासूबाई टिपायच्या. प्रोसेसर दोनशे अँपिअर पेलणारा. बोर्ड एकशे ऐंशी. पॉवर सप्लाय मात्र जुनाच होता. त्याच्यावरची चिठ्ठी टॉर्च धरून वाचली, प्रोजेक्टरच्या चित्रांचं कार्ड किती खातं ते वजा केलं, म्हातारपणाचं थोडं सोडलं, आणि आकडा निघाला एकशे साठ.

"तिघांत नाजूक कोण?"

"पॉवर सप्लाय."

"मग त्याच्या तब्येतीने चालायचं. एकशे साठच्या वर हा विषय बंद."

"पण मग एकशे दहा हा आकडा आला कुठून?"

तोही सापडला, पुस्तिकेच्या शेवटून दुसऱ्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात. कुठलाही प्रोसेसर बसवा, आपण स्वतः सांगेपर्यंत बोर्ड एकशे दहावरच थांबतो. कारखान्यातून निघताना सरसकट टाकलेला आकडा. पेस्टवाल्याने बोर्ड बसवला, यंत्र चालू झालं, तो खूश. त्या पानापर्यंत कुणी गेलंच नव्हतं.

मग खरं काम सुरू झालं. एकशे वीस ठेवायचं, पाव तास शनी चालवायचा, वेग, तापमान आणि पिवळा ठिपका वहीत टिपायचा. मग एकशे तीस. मग एकशे चाळीस. ग्रहबाईंना घाई झाली होती. सासूबाईंना अजिबात नव्हती. एकशे तीसला शनी पुष्कळ सुधारला. एकशे चाळीसला एकदाच, कडी अगदी नाकाशी आली तेव्हा, किंचित अडखळला. एकशे पन्नासला पिवळा ठिपका पेटलाच नाही. तापमान चौऱ्याहत्तर, पंखा नीट आवाजात, वेग पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखा.

"एकशे साठ करू या ना," ग्रहबाई म्हणाल्या. "हाताशी असू दे."

"कशाला? भागलं की दीडशेत. करून बघ हवं तर."

करून पाहिलं. शनी होता तसाच. केसभरही फरक नाही. ग्रहबाईंनी मुकाट्याने पुन्हा दीडशे केलं.

"आता तासभर अखंड चालवायचं," सासूबाई म्हणाल्या. "पाव तासाची परीक्षा ही परीक्षा नव्हे."

"मग तासभर आपण काय करायचं?"

"तू बोल की. तुझं कामच आहे ना ते? काल पुरतं ऐकायला कुठे मिळालं?" आणि त्या उठून मधल्या रांगेत, अगदी मधल्या खुर्चीत जाऊन बसल्या.

दीडशे खुर्च्या आणि एक प्रेक्षक. ग्रहबाईंनी दिवे मालवले. चंद्र झाला, मंगळ झाला. शनीच्या कड्यांत शिरल्यावर अंधारातून सासूबाईंचा आवाज आला.

"इथून आपलं घर दिसेल का?"

ग्रहबाईंनी आकाश वळवलं. कड्यांच्या मागे, दूर, एक फिकट ठिपका.

"तो?"

"तो."

"एवढासा?"

"एवढासाच."

सासूबाई म्हणाल्या, "आणि त्याच्यावरच्या एका कोपऱ्यातली एक लाइन मी छत्तीस वर्षं सांभाळली." आवाजात खंत नव्हती, थोडी गंमतच होती. "हे तू रोज दाखवतेस?"

"दिवसातून चार वेळा."

"मला वाटायचं, नुसत्या गोष्टी सांगतेस."

"मला माहीत होतं, तुम्हाला तसं वाटतं ते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलं कुठे?"

ग्रहबाई नेपच्यूनकडे निघाल्या, या वेळी अजिबात घाई न करता.

शनिवारी दोन शाळा आल्या. पहिल्या खेळात शनी आला, अडला नाही, गेला. दुसऱ्या खेळात एका मुलीने विचारलं, "बाई, त्या कड्यांवरून चालता येईल का?" ग्रहबाई म्हणाल्या, "चल, बघू या," आणि दीडशे मुलांना घेऊन थेट दगडगोट्यांत घुसल्या. असा काही गलका उठला, की साहेब आपल्या खोलीतून धावत आले. दारात उभे राहून त्यांनी शेवटपर्यंत पाहिलं. दिवे लागल्यावर ते एवढंच म्हणाले, "फिल्मवाल्यांना नको म्हणून कळवतो," आणि मग थोडं घुटमळून, "ते कड्यांतून जायचं पुन्हा केव्हा आहे?"

पेस्टवाल्याला ही बातमी कळायला दोन दिवस लागले. मंगळवारी तो स्वतःहून आला. त्या वेळी सासूबाई तिथेच होत्या. कालपासून त्या वही घेऊन दुपारचा खेळ बघायला यायला लागल्या होत्या. पेस्टवाल्याने सगळं ऐकून घेतलं, कान पकडले आणि खिशातून पेन काढून तळहातावर लिहायला लागला, "एकशे पन्नास."

"आकडा नको लिहूस," सासूबाईंनी त्याला थांबवलं. "हा याचा आकडा. दुसऱ्या यंत्राचा दुसरा निघेल. रीत लिही. कागद वाचायचे, नाजूक कोण ते शोधायचं, दहा दहाने चढायचं, भागलं की थांबायचं."

"एवढं तळहातावर मावणार नाही, मावशी."

सासूबाईंनी वहीतलं एक कोरं पान फाडून त्याला दिलं.

त्यानंतरच्या आठवड्यात एका सकाळी ग्रहबाई निघायच्या गडबडीत होत्या, तेवढ्यात सासूबाईंचा फोन वाजला. पलीकडे पेस्टवाला. एका फोटो स्टुडिओतला संगणक असाच हात आखडता घेतोय म्हणत होता.

"मावशी, किती ठेवू?"

"कागद वाचलेस?"

"अजून नाही."

"वाच आणि मग फोन कर," सासूबाई म्हणाल्या, फोन ठेवला आणि चप्पल शोधायला लागल्या. "थांब गं, मीपण येते. स्टुडिओ तुझ्या वाटेवरच आहे ना? त्या मुलाच्या हातून आज नऊशे नव्याण्णव व्हायला नको."

"आई, माझा अकराचा खेळ आहे!"

"मग चल की भराभर. बोलत काय उभी राहिलीस?"